एदिल्माची दुसरी सवत

एदिल्मा ब्रितोला पहिली सवत लग्नाच्या आधीपासून होती आणि तिच्याशी तिने केव्हाच जमवून घेतलं होतं. ही सवत म्हणजे हळदीच्या रंगाची, चार दारांची, होडीसारखी लांबलचक गाडी. आरिस्तिदेसने ती तरुणपणी सीमेपलीकडून आणली आणि सीमेवरच्या मायकाओ गावातून समुद्रकाठच्या रिओआचा शहरापर्यंत तिच्यातून भाड्याने माणसं नेत, असं वडाप चालवून संसार उभा केला. सकाळी उठल्यावर तो आधी गाडीवरची धूळ पुसायचा, मग बायकोला हाक मारायचा. सुरुवातीची दोनतीन वर्षं एदिल्मा धुसफुसली. मग म्हणाली, "जाऊ दे. ही सवत निदान माझ्या स्वयंपाकघरात तरी शिरत नाही."

एदिल्मा घरीच शिवणकाम करायची. तिकडच्या बायका घालतात ते पायघोळ, वाऱ्याने फुगणारे झगे तिच्याइतके नीटस कुणी शिवत नसे. शिवणयंत्र खिडकीशी होतं, त्यामुळे हात कापडावर आणि डोळा रस्त्यावर, अशी सव्वीस वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन बारांकियाला गेली. घरात दोघंच उरली. बोलायला फारसं काही नव्हतं, पण भांडायलाही नव्हतं, आणि एदिल्मा यालाच सुख म्हणत होती.

मग समोरच्या रिकाम्या घरात रोसिरिस राहायला आली.

रोसिरिस पन्नाशीची, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई. मूळची फोन्सेकाची. बापाचं गॅरेज होतं, त्यामुळे बाहुल्यांऐवजी पान्यांशी खेळून मोठी झालेली. दारासमोर बदामाच्या सावलीत तिने एक खुर्ची टाकली, समोर प्लॅस्टिकचे कॅन मांडले आणि सीमेपलीकडून येणारं स्वस्त पेट्रोल विकायला लागली. असं पेट्रोल मायकाओत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायचं. सगळेच विकायचे, सगळेच घ्यायचे. आरिस्तिदेस आधी पार बाजाराच्या टोकाहून घ्यायचा. आता रस्ता ओलांडला की काम.

इथवर एदिल्माची काही तक्रार नव्हती. उलट तिने पहिल्या आठवड्यात शेजारधर्म म्हणून रोसिरिसला मक्याच्या जाड भाकऱ्या, गरम आरेपा, नेऊन दिल्या होत्या.

एका शनिवारी सकाळी गाडी दारातच ठसकायला लागली. चालू व्हायची, दोन हुंदके द्यायची आणि बंद पडायची. आरिस्तिदेसने बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून आत बघत उभा राहिला. रोसिरिस खुर्चीवरून उठून आली. हात पुसायचं फडकं तिच्या खांद्यावरच असायचं.

"आरी, हिला दमा झालाय की नाटक करतेय?"

यंत्रावरचा एदिल्माचा पाय तिथेच थांबला. आरी! त्याला आरी म्हणणारी फक्त त्याची आई होती आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"काल वाटेत पण असंच केलं," आरिस्तिदेस म्हणाला. "कार्बोरेटर असेल."

"कार्बोरेटर कशाला? आधी गळा बघ, मग छाती. फिल्टर तुंबलाय हिचा."

तिने आत हात घातला, दोन क्लिपा सैल केल्या आणि बोटाएवढी एक डबी उपसून काढली. आतलं पेट्रोल झटकलं आणि डबी तोंडाला लावून फुंकली. गाल फुगले, पण हवा पार होईना.

"बघ. फुंकून बघ तूच."

आणि आरिस्तिदेसने ती डबी घेतली. जिथे तिने ओठ लावले होते तिथेच ओठ लावून फुंकली. मग तोंड वाकडं करून थुंकला आणि दोघंही हसायला लागली. पोट धरून, शाळा बुडवून आलेल्या पोरांसारखी.

खिडकीत एदिल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते ओठ तिने पाहिले, पण त्याहून ते हसू तिला झोंबलं. सव्वीस वर्षांत हे हसू तिच्या वाट्याला किती वेळा आलं, ते तिला आठवेना. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या झग्याला तिने दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

"पेट्रोलची चव कशी होती?"

"काय?"

"नाही, सकाळी दोघं एकाच नळीने प्यायलात ना, म्हणून विचारलं."

आरिस्तिदेस बघतच राहिला. "अगं, फिल्टर होता तो."

"मी कुठं म्हटलं पेला होता?"

"भली बाई आहे ती, एदिल्मा. फुकटात काम करून दिलं."

"फुकटात कुणी कुणाचा फिल्टर फुंकत नाही," एदिल्मा म्हणाली आणि बकऱ्याच्या मटणातला चांगला तुकडा त्याच्या ताटात न वाढता परत भांड्यात टाकला.

पुढे दर महिना-दीड महिन्याने तेच व्हायला लागलं. गाडी ठसकायची, रोसिरिस फडकं घेऊन यायची, दोन डोकी एका बॉनेटखाली जायची. एदिल्माने पंखा बंद करून पाहिला, म्हणजे बोलणं ऐकू येईल. ऐकू यायचं ते असं:

"हे काय आहे?"

"पंप आहे तो, बाबा."

"आणि हे?"

"आरी, तीस वर्षं चालवतोस ही गाडी, देवाशपथ सांग, कधी आत बघितलंस का?"

आणि पुन्हा हसणं. प्रेमाचं बोलणं असतं तर एदिल्मा एकवेळ उठून केस उपटायला गेली असती. पण पंप आणि नळ्यांवरून कुणाचे केस उपटायचे? जळत राहायलाही काही कारण लागतं, आणि तिला ते धड सापडत नव्हतं. ती आरशात बघायची, पावडर लावायची, पुसायची. एकदा तिने मुद्दाम निळा नवा झगा घालून दोघांना कॉफी नेऊन दिली. रोसिरिस म्हणाली, "शेजारीणबाई, काय शिवलंय हो हे! काखेत कुठे ओढत नाही." आरिस्तिदेसने कप घेतला आणि डोकं पुन्हा बॉनेटखाली घातलं. सवतीने कौतुक करावं आणि नवऱ्याने बघूही नये, याच्याइतकी दुसरी चपराक नाही.

तिसऱ्या वेळी तिच्या मनात पाल चुकचुकली. बाजाराच्या टोकाहून पेट्रोल घेत होता तेव्हा फिल्टर असा दर महिन्याला कुठे तुंबायचा? ही बाईच घाण मिसळत नसेल कशावरून? गाडी आजारी पाडायची आणि मग वैद्य बनून यायचं!

दुपारी आरिस्तिदेस फेरीवर गेल्यावर तिने रोसिरिसने बदलून टाकलेला जुना फिल्टर कचऱ्यातून काढला. दोन दिवस पत्र्यावर उन्हात वाळवला, वास गेल्यावर चुलीपासून लांब परसात बसून सुरीने कापला. आत काय निघालं? चुण्या. पिवळट कागदाच्या बारीक, एकसारख्या, गोलाकार घातलेल्या चुण्या. एदिल्मा थक्क झाली. इतक्या सारख्या चुण्या घालायला तिला स्वतःला अर्धा दिवस लागला असता. लहान जागेत जास्त कापड बसवायचं तर चुण्याच घालाव्या लागतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि प्रत्येक चुणीच्या पोटात विटेसारखा तांबडा गाळ भरला होता. तिने नखाने तो खरवडला, बोटांत चोळला. बराच वेळ ती तो कागद उलगडत बसली, आणि त्या वेळात आपण चिडलेलो आहोत हे ती चक्क विसरली.

आठवलं तेव्हा दुप्पट चिडली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात सलीम म्हाताऱ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. कापलेला फिल्टर काउंटरवर ठेवला.

"असाच नवा द्या. आणि दोन क्लिपा."

सलीमने चष्मा कपाळावर चढवला. "अरे देवा, हा कुणी मारला?"

"मी."

"आरिस्तिदेसची गाडी ना? समोरची बाई नेते की एरवी."

"माहितीय मला कोण नेतं ते. बसवायचा कसा ते सांगा."

"तुम्ही बसवणार?" सलीम हसला, पण तिचा चेहरा बघून हसू गिळलं. "बरं, ऐका. इंजिन गार असताना. बॅटरीची एक वायर आधी सोडायची, ठिणगी नको. खाली भांडं ठेवा, पेट्रोल सांडणारच. आणि फिल्टरवर बाण आहे, हा बघा. बाणाचं तोंड इंजिनाकडे. उलटा बसवलात तर नवऱ्याच्या शिव्या खाल."

"शिव्या तो माझ्या खातो," एदिल्मा म्हणाली.

दीड महिना नव्या फिल्टरची ती पिशवी कापडांच्या खाली पडून राहिली. मग एका शुक्रवारी गाडी पुन्हा ठसकली. "सोमवारी रोसिरिसला सांगतो," आरिस्तिदेस म्हणाला. रविवारी तो मित्राच्या ट्रकमधून उरिबियाला एका बारशाला गेला. समोर बदामाखालची खुर्चीही आत घेतलेली होती. एदिल्माने जुना झगा चढवला, केस बांधले आणि आयुष्यात पहिल्यांदा सवतीचं बॉनेट उघडलं.

आत डोकावल्यावर कुठून सुरुवात करावी तेच तिला कळेना. पण झग्याची उकल करतानाही तसंच होतं, सगळे धागे एकदम दिसतात. एक धागा पकडायचा. तिने पंप शोधला, तिथून निघणारा पाइप बोटाने चाचपत गेली आणि डबी सापडली. पाना लावून बॅटरीची वायर सोडली. खाली भाताचं जुनं पातेलं ठेवलं. क्लिपा गंजलेल्या होत्या. एक निघाली, दुसरीचा आटा खाल्लेला, तिच्यावर स्क्रू ड्रायव्हर घसरून तळहाताला खोक पडली. तिने आईवरून एक शिवी दिली, जी तिच्या तोंडून मुलीनेही कधी ऐकली नव्हती. शेवटी पाइप सुटला आणि पेट्रोल कोपरापर्यंत ओघळलं. खोक अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं. पाइपातली धार थांबेना, तेव्हा तिने केसांत खोचलेली, कापडावर खुणा करायची पेन्सिल काढली आणि पाइपाच्या तोंडात बूच म्हणून खुपसली. धार थांबली.

नवा फिल्टर बसवताना तिने बाण तीनदा पाहिला. क्लिपा आवळल्या. वायर जोडली. सांडलेलं पुसलं, फडकी लांब नेऊन टाकली, आणि मग चालकाच्या जागी बसली. गाडी चालवता येत नव्हती, पण किल्ली कशी फिरवतात ते सव्वीस वर्षं बाजूला बसून पाहिलं होतं. पहिल्यांदा नुसता घरघराट. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा गाडी चालू झाली आणि न ठसकता चालूच राहिली. एदिल्मा धावत उतरून बघायला गेली. खालच्या क्लिपेशी एक थेंब धरत होता. तिने गाडी बंद केली, आणखी अर्धा फेरा आवळला, पुन्हा चालू केली. थेंब बंद.

ती बॉनेटला टेकून उभी राहिली. कुणीतरी बघायला हवं होतं, असं तिला फार वाटलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तिने आरिस्तिदेसला सांगितलं नाही. तो स्वतः ओळखेल, बॉनेट उघडेल, आणि मग आपण खिडकीतून सहज म्हणू, "हो, केलं मी." हे वाक्य तिने सात-आठ प्रकारे म्हणून पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी तो रिओआचाहून आला तेव्हा हातात ताज्या कोळंबीची पिशवी होती. एदिल्माला कोळंबी जिवापाड आवडायची. ती उठली, भांडं घेऊन दाराशी आली. तर आरिस्तिदेस पिशवीसकट रस्ता ओलांडून समोर गेला. रोसिरिसशी काही बोलला. ती हसली, तिने मान हलवली, पिशवी घेतली.

तो रिकाम्या हाताने घरात आला.

"काय माणूस आहे!" तो टोपी काढत म्हणाला. "काल मी नसताना येऊन फिल्टर बदलून गेली, आणि एक शब्द नाही. आज गाडी अशी पळाली म्हणतेस! बॉनेट उघडून बघतो तर नवा फिल्टर, नव्या क्लिपा. काय सफाईचा हात आहे! असं काम बाईमाणसाचं सोड, पुरुषाचंही बघितलं नाही मी."

एदिल्माच्या हातात भांडं तसंच होतं.

"तिनेच केलं म्हणाली?"

"म्हणाली कुठं? नुसती हसली. बढाई मारत नाही ती."

भांडं जमिनीवर आपटून त्याचा काठ चेपला. एदिल्मा पायात चप्पलही न घालता रस्ता ओलांडून गेली. रोसिरिस कोळंबी सोलायला बसली होती.

"माझ्या हातचं काम आणि तू हसून घेतेस?" एदिल्मा ओरडली. बदामाखाली पेट्रोल घ्यायला आलेले दोघं चौघं थबकले. "माझा नवरा घेतलास, तेवढ्याने पोट नाही भरलं?"

रोसिरिसने कोळंबीचे हात शांतपणे झग्याला पुसले. "नवरा मी एकदाच घेतला होता, शेजारीणबाई, आणि तोही परत करून आले. दुसऱ्याचा घेऊन काय करू?"

"मग सांगितलं का नाहीस त्याला, की तू केलं नाहीस म्हणून?"

"कारण तुम्ही सांगितलं नव्हतं. मी पडद्यामागून सगळं बघत होते काल. ती पेन्सिल खुपसलीत ना, तेव्हा मी हातच जोडले. दोनदा वाटलं यावं मदतीला. मग म्हटलं, ही बाई लपवून करतेय म्हणजे तिला काही कारण असेल. आपण कशाला तोंड उघडा? कोळंबी मी सोलून तुमच्याकडेच आणणार होते."

हे खरं की वेळ मारून नेणं, ते एदिल्माला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी नाही.

"आणि पेट्रोलमध्ये घाण कोण घालतं?"

"सीमेपलीकडची टाकी घालते, गंजलेली. मी आपली गाळते बिचारी." रोसिरिसने नरसाळ्यावर ताणलेलं एक विटकं कापड दाखवलं. एदिल्माने रागारागाने ते दोन बोटांत धरलं, उजेडाकडे केलं.

"याने गाळतेस? यातून तांदूळ जाईल!"

कुणीतरी हसलं. एदिल्मा वळली, तर मागे आरिस्तिदेस उभा होता. तो तिच्या तळहातावरची खोक बघत होता.

"तू केलंस?" तो म्हणाला.

सात-आठ प्रकारे घोकलेलं वाक्य तिला आठवलं नाही. ती त्याच्या बाजूने निघून घरात आली.

तो मागोमाग आला. दाराच्या चौकटीला टेकला.

"मला सांगितलं असतंस तर..."

"सव्वीस वर्षांत एकदा तरी म्हणालास, ये, हा पाना धर?" एदिल्मा म्हणाली. "तिला विचारतोस हे काय, ते काय. माझ्याशी कधी असा बोललास? असा हसलास?"

आरिस्तिदेस जे बोलला ते जमिनीकडे बघत. "मला गाडीतलं काही कळत नाही, एदिल्मा. कधीच कळत नव्हतं. लग्नाच्या वेळी तुझ्या बापाला सांगितलं होतं की इंजिन उघडून जोडतो. मग घरात तसंच दाखवत राहिलो. बाहेर गुपचूप मेकॅनिककडे न्यायचो. ही बाई भेटली, तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. तिच्यासमोर अडाणी असायला लाज वाटत नाही मला. हलकं वाटतं."

"आणि माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोर वाटते."

तो दुसऱ्या बाईच्या अंथरुणात सापडला असता तर एदिल्माला काय करायचं ते ठाऊक होतं. आईने, मावश्यांनी शिकवून ठेवलं होतं. पण नवऱ्याने आपलं अडाणीपण दुसरीकडे नेऊन उघडं करावं आणि बायकोसमोर सव्वीस वर्षं झाकून ठेवावं, यावर उपाय कुणी शिकवला नव्हता. ती रडली नाही. चेपलेलं भांडं उचलून तिने त्याचा काठ ठोकून सरळ करायला घेतला. समोरून सोललेली कोळंबी आली ती तिने शिजवली, पण खाल्ली नाही.

लगेच काही गोड झालं नाही. पंधरा दिवस ती कामापुरतंच बोलली. पुढच्या वेळी गाडी ठसकली तेव्हा आरिस्तिदेस समोर गेला नाही. खिडकीशी येऊन म्हणाला, "एदिल्मा, जरा येतेस?" ती गेली. तिने क्लिपा सोडल्या, त्याने पातेलं धरलं. "हा बाण कसला?" असं विचारायला त्याला घसा खाकरावा लागला. हसणं वगैरे काही झालं नाही. तसं हसू त्यांच्यात यायला वर्ष लागलं, आणि आलं तेही रोसिरिसबरोबरच्या हसण्यासारखं नव्हतंच. वेगळं होतं. एदिल्मा ते समोरच्याशी ताडून बघायची आणि कधी आपलं सरस ठरवायची, कधी तिचं.

रोसिरिसला मात्र तिने घट्ट विणीचं जाड कापड दुहेरी शिवून, कडेला दोरी ओवून गाळणं करून दिलं. मैत्री म्हणून नव्हे. तांदूळ जाईल असलं कापड रोज डोळ्यांसमोर तिला सहन होईना. फिल्टर मग तीनतीन महिने टिकू लागले. गल्लीतल्या बाया आपल्या नवऱ्यांच्या गाड्या कधी रोसिरिसकडे न्यायच्या, कधी एदिल्माकडे, आणि कुणाकडे जास्त गेल्या ते एदिल्माला बरोबर माहीत असायचं.

काही वर्षांनी सीमा बंद झाली. पलीकडचं पेट्रोल आटलं, कॅन रिकामे पडले. रोसिरिसने घर सोडलं आणि बहिणीकडे फोन्सेकाला गेली. निघताना तिने एदिल्माला मिठी मारली, आरिस्तिदेसचा हात हातात घेऊन हलवला आणि "आरी, आत बघत जा हं," एवढं म्हणाली.

तो दोन दिवस पायरीवर बसून होता. जेवला, झोपला, पण पायरीवर बसून होता. एदिल्मा यंत्रावरून त्याची पाठ बघत होती. बाई गेली होती, रस्ता मोकळा होता, खुर्चीच्या चार पायांचे खड्डे तेवढे मातीत उरले होते, आणि तरीही तिच्या पोटात तोच जुना निखारा पेटला होता. त्या पाठीला हात लावावा असंही वाटत होतं आणि एक धपाटा घालावा असंही. तिने दोन्ही केलं नाही. त्याला बसू दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बॉनेट उघडलं आणि हाक मारली, "पट्टा सैल झालाय हिचा. ये, धर."

तो उठून आला.